आपल्याला काय करायचंय?

इंदूरच्या मराठी घरांत, मग ते रामबागेतलं जुनं घर असो की सुदामा नगरातला फ्लॅट, एक वाक्य कुणाला शिकवावं लागत नाही : "जाऊ दे, आपल्याला काय करायचंय?" कोपऱ्यावर चाकू निघतो, वरच्या मजल्यावर चार अनोळखी माणसं कुणाला तरी दोन दिवस कोंडून ठेवतात, मागच्या गोदामात रात्री काहीतरी ढवळलं जातं, आणि आपल्या खिडकीची कडी हळूच लागते. हे वाक्य म्हणणारी माणसं निर्दय नसतात. थाना, पेशी, वकील, बयान या शब्दांची भीती घरात दोन-तीन पिढ्या मुरलेली असते आणि तीच बोलते. मला त्या भीतीचा राग येत नाही. राग येतो तो याचा, की ज्याची भीती वाटते ते नेमकं काय आहे हे कुणी कधी नीट सांगत नाही. आणि काही गुन्ह्यांच्या बाबतीत हे वाक्य म्हणायची मोकळीक कायद्याने ठेवलेलीच नाही, हेही सांगत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३३ मध्ये गुन्ह्यांची एक यादी आहे. त्यातला गुन्हा घडल्याचं, किंवा तो करायचा कुणाचा बेत असल्याचं ज्याला कळलं, त्या प्रत्येकाने जवळच्या मॅजिस्ट्रेटला किंवा पोलीस अधिकाऱ्याला ताबडतोब कळवायचं. वाजवी कारण असेल तरच गप्प राहता येतं, आणि तसं कारण होतं हे गप्प राहणाऱ्याने सिद्ध करायचं. फौजदारी खटल्यात सगळं ओझं सहसा सरकार पक्षावर असतं. इथे सबबीपुरतं ते आपल्या डोक्यावर दिलं आहे. १९७३ च्या संहितेत हेच कलम ३९ होतं, त्याआधी १८९८ च्या संहितेत ४४. सव्वाशे वर्षं हे कर्तव्य पुस्तकात आहे, आणि तरी ते ऐकून पदवीधर माणूसही चमकतो.

यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. भारतीय न्याय संहितेतला खून आणि सदोष मनुष्यवध (कलमं १०३ ते १०५), संघटित गुन्हेगारी आणि दहशतवाद (१११ ते ११३), खंडणीसाठी पळवून नेणं आणि माणसांचा व्यापार (१४० ते १४४), राज्याविरुद्धचे गुन्हे, खोटी नाणी आणि नोटा (१७८ ते १८२), बेकायदेशीर जमाव आणि दंगल (१८९ आणि १९१), अन्नातली आणि औषधातली भेसळ, पाणी नासवणं, हवा विषारी करणं (२७४ ते २८०), जबरी चोरी आणि दरोडा (३०९ ते ३१२), सरकारी नोकराने, बँकवाल्याने, व्यापाऱ्याने किंवा अडत्याने केलेला अपहार (३१६ चं पाचवं पोटकलम), आणि घरफोडी. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर माव्यात काय मिसळलं जातंय हे ज्या हमालाला दिसतं, तोही या कलमाखाली बांधलेला आहे. खून पाहणाऱ्याइतकाच.

रस्त्यावरचा अपघात मात्र यादीत नाही. निष्काळजीपणाने झालेला मृत्यू कलम १०६ मध्ये येतो आणि यादी १०५ वर थांबते. तिथे कायद्याने उलट वाट धरली : ३० मार्च २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४अ यांमुळे जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. अपघातात मदत करणाऱ्याला अभय आहे, कळवायचं बंधन नाही. खुनाच्या बाबतीत बंधन आहे.

न कळवण्याची शिक्षा न्याय संहितेच्या कलम २३९ मध्ये आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हे २०२ होतं. शिक्षा लहान आहे आणि ती लावणंही सोपं नाही. गुजरातेतल्या एका प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आधी मूळ गुन्हा घडला हे सिद्ध व्हायला हवं. मग त्या माणसाला तो माहीत होता, कळवायला तो कायद्याने बांधलेला होता आणि त्याने मुद्दाम कळवलं नाही, हे दाखवावं लागतं. मुद्दाम हा शब्द महत्त्वाचा. घाबरून दोन तास थरथरत बसलेल्या बाईला हे कलम पकडत नाही. ज्याने गुन्हा केला त्यालाही या कलमाखाली धरता येत नाही, कारण स्वतःविरुद्ध खबर द्यायची सक्ती कुणावर नसते.

गल्लीतली कुजबुज म्हणजे माहिती नव्हे, हेही लक्षात ठेवावं. "त्यांच्याकडे काहीतरी चालतं म्हणे" एवढ्यावर कुणी बांधला जात नाही. पण रक्ताने माखलेला शर्ट धुवायला दिलेला पाहिला, ओलीस धरलेल्या माणसाचा फोनवरचा आवाज ऐकला, तर "मला पक्कं माहीत नव्हतं" म्हणून सुटता येणार नाही. कलम २३९ मध्ये माहीत असण्याच्या जोडीला "मानायला कारण असणं" हेही लिहिलेलं आहे.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडे समझौता या गोड नावाखाली चालते. गप्प राहण्यासाठी पैसे घेणं हा निराळा आणि कितीतरी मोठा गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम २५० प्रमाणे, मूळ गुन्ह्याला फाशीची शिक्षा असेल तर गप्प राहण्याचा मोबदला घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देणाऱ्यासाठी कलम २५१ आहे. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना बसवून, मध्ये नगरसेवकाला घालून मिटवलेल्या प्रकरणांत या दोन कलमांची आठवण सहसा कुणाला होत नाही.

आता यादीत काय नाही ते. मला या विषयात सगळ्यात जास्त सलणारी जागा ती आहे. बलात्कार यादीत नाही. जुन्या कलम ३९ मध्ये नव्हता, नव्या ३३ मध्येही आला नाही. सासरी होणारा छळ नाही, ॲसिड हल्ला नाही. खोटी नोट पाहिली तर कळवायचं बंधन आहे. शेजारच्या घरात प्रौढ स्त्रीवर अत्याचार होताना ऐकलं, तर शहरात राहणाऱ्यावर या कलमाने बंधन नाही.

शहरात राहणाऱ्यावर, असं मुद्दाम म्हटलं. पुढचंच कलम, ३४, गावासाठी आहे आणि ते फारच कमी लोक वाचतात. गावच्या कामाशी जोडलेला प्रत्येक अधिकारी, म्हणजे आपल्याकडे कोटवार (गावचा चौकीदार) आणि पटेल, आणि गावात राहणारी प्रत्येक व्यक्ती यांना ते लागू होतं. गावात किंवा गावाजवळ घडलेला कुठलाही अजामीनपात्र गुन्हा, संशयास्पद किंवा अचानक मृत्यू, सापडलेलं प्रेत, संशयास्पदरीत्या नाहीसा झालेला माणूस, चोरीचा माल घेणारा किंवा विकणारा कुप्रसिद्ध इसम, हे सगळं कळवायचं. बलात्कार अजामीनपात्र आहे, नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेला छळही. म्हणजे देपालपूर तहसिलीतल्या गावात राहणाऱ्या शेतमजुरावर जे बंधन आहे, ते इंदुरातल्या बहुमजली इमारतीतल्या डॉक्टरवर नाही. मराठेशाहीत चोराचा माग ज्या गावच्या शिवेपर्यंत पोचे त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा, नाहीतर भरपाई करायची, अशी रीत होती. रामोशी आणि जागले त्यासाठीच असत. गाव म्हणजे एकमेकांना जामीन असलेली माणसं, हा विचार कलम ३४ मध्ये अजून जिवंत आहे. शहराबद्दल कायद्याने तो विचार कधी केलाच नाही, आणि इंदूरच्या कडेची कितीतरी गावं आता शहरात विरघळली आहेत.

यादीत बलात्कार घालावा का, याचं उत्तर मला एका शब्दात देता येत नाही. प्रौढ बाईने तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं असतं. प्रत्येक शेजाऱ्याला, प्रत्येक नर्सला कळवायची सक्ती केली तर कितीतरी बायका दवाखान्यात जायच्याच बंद होतील. पण घडून गेलेला अत्याचार आणि डोळ्यांसमोर चाललेला अत्याचार यांत फरक करता येतो आणि करायला हवा. सप्टेंबर २०२४ मध्ये उज्जैनला, इथून तासा-दीड तासावर, भर रस्त्याच्या कडेला दिवसाढवळ्या एका स्त्रीवर बलात्कार झाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मोबाइल काढून त्याचं चित्रण केलं. ११२ हे तीन आकडे दाबायला त्या चित्रणापेक्षा कमी वेळ लागतो. ते दाबायचं बंधन त्यांच्यावर कलम ३३ ने घातलेलं नव्हतं. चालू असलेला अत्याचार कळवण्याची सक्ती कायद्यात यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

उज्जैनच्या त्या घटनेच्या एक वर्ष आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच शहरात रक्तस्राव होत असलेली अल्पवयीन मुलगी दारोदार मदत मागत फिरली आणि ते सीसीटीव्हीत टिपलं गेलं. शेवटी एका आश्रमातल्या पुजाऱ्याने तिला कपडे दिले आणि पोलिसांना बोलावलं. वाटेत ज्या दारांतून तिला परत फिरवलं, त्या दारांबद्दल कायदा गप्प नाही. मूल अठरा वर्षांखालचं असलं की मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो आणि सगळं चित्र पालटतं.

पॉक्सोचं कलम १९ कलम ३३ पेक्षा कितीतरी कडक आहे. "कोणतीही व्यक्ती" असे शब्द आहेत. आईवडील, शेजारी, रिक्षावाला, क्लासचे सर, कुणीही. गुन्हा घडल्याची माहिती असली तर कळवायचंच, आणि घडण्याची धास्ती वाटली तरी कळवायचं. वाजवी कारणाची सवलत इथे लिहिलेली नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. इंदुरात भंवरकुव्याच्या आसपास घराघरांतून वसतिगृहं चालवणाऱ्यांनी हे पोटकलम फळ्यावर लिहून ठेवावं. हॉटेल, लॉज, दवाखाना, क्लब, फोटो स्टुडिओ यांच्यासाठी कलम २० वेगळं आहे : मुलाचं लैंगिक शोषण दाखवणारी काही सामग्री आढळली तर पोलिसांना द्यायची.

इथे शाळांची एक चूक पुन्हा पुन्हा होते. मूल वर्गशिक्षिकेला काही सांगतं, ती मुख्याध्यापिकेला सांगते, मग "आधी आपली समिती चौकशी करील, खरं निघालं तर पोलीस" असं ठरतं. आठ दिवस जातात. त्या आठ दिवसांत मुलाला चार-पाच मोठी माणसं तेच ते विचारतात, मूल थकून शब्द बदलतं, आरोपीला खबर लागते, कपडे धुतले जातात. खरं-खोटं करणं हे शाळेचं काम नाही. धास्ती वाटली त्या क्षणी कर्तव्य सुरू होतं आणि पालकांची परवानगी ही त्याची अट नाही. २ नोव्हेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच मुद्द्यावर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले होते. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, तो उच्च न्यायालयाने रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो आरोपीला वाचवायचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने म्हटलं.

मुलाने सांगितलं तर काय करावं? त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. मूल मराठीत बोललं तर मराठीतच, "काका" म्हणालं तर काकाच. आपण सुधारून, सभ्य करून लिहिलेलं वाक्य पुढे कोर्टात उलटतं. तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहावं. "नक्की ना?" हा प्रश्न विचारू नये. इंदूरच्या थान्यात सगळं हिंदीत लिहिलं जातं, पण मुलाला ती भाषा समजत नसेल तर दुभाषी द्यावा लागतो, हे कलम १९ मध्येच आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, होईल तोवर महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री थान्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर, पुढे काही सिद्ध झालं नाही तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

या कडकपणाची झळ जिथे नको तिथेही लागते हे मान्य करायला हवं. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीच्या संबंधातून गर्भार राहते, आई तिला डॉक्टरकडे नेते आणि डॉक्टर म्हणतात, मला कळवावं लागेल. मग मायलेकी कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीतल्या भोंदूकडे जातात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर वाट काढली : मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने कळवताना मुलीची ओळख उघड करायची गरज नाही. पुरेशी नाही, पण वाट आहे.

आता प्रत्यक्ष कळवण्याबद्दल, कारण माणसं इथे अडखळतात. ११२ लावला की फोन इंदुरात वाजत नाही. राज्यभरातले फोन भोपाळच्या नियंत्रण कक्षात जातात. तिथल्या माणसाला "राजवाड्याच्या मागची गल्ली, जोशींच्या वाड्यासमोर" यातून काही कळत नाही. आधी "इंदौर" म्हणावं, मग थान्याचं नाव माहीत असेल तर ते, मग कॉलनी, रस्ता आणि दुरून दिसेल अशी एक खूण : मंदिर, पंप, शाळा. त्यानंतर काय चाललंय ते एका वाक्यात, किती माणसं, हातात शस्त्र आहे का, कुणी जखमी आहे का, गाडीचा नंबर. का भांडतायत, कोण चुकीचं, आधी काय झालं होतं, हे सगळं नंतर. घाबरलेला माणूस नेमकं उलटं बोलतो. कहाणी पहिल्यापासून सांगतो आणि पत्ता शेवटी. मुलांसाठी १०९८ आहे, बायकांसाठी १८१, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

फोनवर दिलेली त्रोटक खबर म्हणजे एफआयआर नव्हे. ती थान्यातल्या रोजनामचा सान्ह्यात चढते. सान्हा म्हणजे दैनंदिनी. तिच्यात प्रत्येक नोंदीला क्रमांक आणि वेळ असते. नंतर थान्यात गेलात तर तो क्रमांक मागून घ्यावा. आपण वेळेत कळवलं याचा सगळ्यात साधा पुरावा तोच. पोलीस घटनास्थळी येऊन तिथेच कागदावर लिहून घेतात, त्याला इथे देहाती नालिसी म्हणतात. थान्यात परतल्यावर तिच्यावरून गुन्हा क्रमांक पडतो, ती असल कायमी. मृत्यू संशयास्पद असेल आणि गुन्हा अजून ठरला नसेल तर आधी मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) कायम होतो. हद्द दुसऱ्या थान्याची असली तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर नाकारता येत नाही. शून्यावर कायमी करून कागद पुढे पाठवायचे असतात. ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवलं तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. लोक ही सही विसरतात आणि मग "आम्ही तर कळवलं होतं" म्हणत राहतात.

टीआयने, म्हणजे थान्याच्या प्रमुखाने, खबर घ्यायला नकार दिला तर? लेखी आवेदन दोन प्रतींत करावं, एकीवर थान्याचा शिक्का आणि तारीख घ्यावी. शिक्का देत नसतील तर तेच आवेदन पोस्टाने वरिष्ठांना पाठवावं. डिसेंबर २०२१ पासून इंदूर शहरात आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरात डीसीपीकडे, ग्रामीण भागात एसपीकडे. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की नोंद करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगून झालं आहे.

कळवणारा आणि साक्षीदार या दोन भूमिका वेगळ्या आहेत. खबर कुणाकडून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसांवर कोर्टातही करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३१ तसं सांगतं. म्हणजे नाव पुढे न येऊ देता खबर देता येते. पण आपण प्रत्यक्ष पाहिलं असेल तर पोलीस जबाब घ्यायला येतील. तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० चा जबाब. त्यावर सही करायची नसते. "यहाँ साइन कर दो" म्हटलं तर शांतपणे सांगावं की या जबाबावर सही नसते. तो वाचून दाखवा असं मात्र जरूर म्हणावं. साठीच्या वरचा पुरुष, पंधरा वर्षांखालचा मुलगा, कुठल्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस, यांना जबाबासाठी थान्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. मराठी वस्त्यांतल्या किती आजी-आजोबांना हे माहीत आहे? जे दिवसभर ओट्यावर, गॅलरीत बसून सगळं पाहतात, तेच सगळ्यात जास्त घाबरलेले असतात, आणि कायद्याने सगळ्यात जास्त सवलत त्यांनाच दिली आहे.

धमकी आली तर त्यासाठीही यंत्रणा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ५ डिसेंबर २०१८ च्या निकालाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू झाली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे करायचा. पोलिसांनी कामकाजाच्या पाच दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा. जिवाला धोका असेल तर पहिली श्रेणी, मालमत्तेला किंवा प्रतिष्ठेला असेल तर दुसरी, नुसता त्रास असेल तर तिसरी. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत. कागदावर हे चांगलं आहे. पण या योजनेचा अर्ज कसा करायचा हे थान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं. नागरिकावर बंधन घालणाऱ्या सरकारने आपली बाजू इतकी गुपचूप ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

मोबाइलवर काही टिपलं असेल तर ती मूळ फाइल त्याच फोनमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवली की पुढे जाणारी प्रत आकाराने लहान केली जाते, ती मूळ राहत नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश आकडा (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी तिची खूण) लिहावा लागतो. फाइल कापली, वर बाण काढले, तर हा आकडाच बदलतो. आणि "जागृतीसाठी" असे व्हिडिओ पुढे ढकलणं हा स्वतःच गुन्हा होऊ शकतो : पीडितेची ओळख उघड केली तर न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाच्या शोषणाची चित्रफीत पुढे पाठवायच्या इराद्याने जवळ ठेवली, पुसली नाही, कळवली नाही, तर पॉक्सोचं कलम १५.

एक शंका नेहमी येते : "सगळ्या बिल्डिंगने ऐकलं, कुणीतरी कळवलं असेलच." १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. दुसऱ्या खोलीत कुणाला तरी फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्के माणसं झटका चालू असतानाच मदतीला उठली. आणखी चौघे ऐकतायत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. सोसायटीच्या ग्रुपवर "किसी ने ११२ किया क्या?" हा संदेश येतो, त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते आणि फोन कुणीच करत नाही, ते यामुळे. कायद्याने हे कर्तव्य प्रत्येकावर वेगवेगळं टाकलं आहे. दुसऱ्याने कळवलं हे पक्कं ठाऊक असेल तर ती सबब कदाचित वाजवी ठरेल. "कळवलं असेल" ही सबब टिकणार नाही.

खोटं कळवणाऱ्यासाठीही कलमं आहेत. कुणाला छळायला पोलिसांना खोटी खबर दिली तर न्याय संहितेचं कलम २१७, एक वर्षापर्यंत कैद. पण जाणूनबुजून खोटं आणि चुकून चुकीचं यांत फरक आहे. अंधारात चेहरा नीट दिसला नाही तर "दिसला नाही" असंच सांगावं. ओळखल्यासारखं वाटलं तर "वाटलं" असं. साक्षीदार बिघडतात ते बहुधा खोटेपणाने बिघडत नाहीत. पोलिसांना बरं वाटावं म्हणून पाहिलं त्यापेक्षा दोन शब्द जास्त सांगतात, आणि उलटतपासणीत तेच दोन शब्द त्यांना पाडतात.

एफआयआरचा छापील फॉर्म एकदा हातात घेऊन पाहावा. घटनेची तारीख आणि वेळ एका रकान्यात, थान्यात खबर आल्याची तारीख आणि वेळ दुसऱ्या, सान्ह्याचा क्रमांक तिथेच. थान्यापासून दिशा आणि अंतर. आणि थोडं खाली एक रकाना फक्त उशिराच्या कारणासाठी : फरियादीने कळवायला वेळ का लावला. घटनेच्या आणि खबरीच्या वेळेत जितकं अंतर, तितका वकिलाला त्या मधल्या जागेत हात घालायला वाव. उशिरात कहाणी रंगवली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली लिहिलं, आणि ते वाक्य आजही बचाव पक्षाच्या तोंडी असतं. त्या रकान्यात बहुधा "घबराहट के कारण" किंवा "घरवालों से सलाह के बाद" असं लिहिलेलं असतं. ही कारणं खरी असतात आणि न्यायालयं ती पुष्कळदा मानतातही. लाज वाटायचं कारण नाही. जे असेल ते खरं लिहून घ्यावं, फॉर्म शेवटपर्यंत वाचावा, सही करावी आणि प्रत मागावी. ती फुकट मिळते. सगळ्यात शेवटी, सहीच्या खाली, आणखी एक छोटा रकाना आहे : न्यायालयाकडे रवाना केल्याची तारीख आणि वेळ. तो पोलिसांनी भरायचा असतो.